मेणाखालचा रंग

मुरबाडच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या अंगाला शेखरचं गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, बोअरचं पाणी, एक जुना कॉम्प्रेसर आणि कमळू. मालक शेखर असला तरी तो दिवसातून दोनदा तोंड दाखवून जायचा. गाडीला हात लागायचा तो कमळूचाच. धसईच्या वर, डोंगराच्या पोटाशी उंबरवाडी म्हणून वीस-बावीस घरांची वाडी आहे, तिथला हा ठाकूर गडी. लग्नाआधी शहापूरला हायवेवरच्या एका गॅरेजात तीन वर्षं राबून तो हे काम शिकला होता. रंगाची त्याला नजर होती. दाराचा रंग मूळचा की मागाहून मारलेला, हे तो चार पावलांवरून सांगायचा.

ही नोकरी त्याला वाल्मिकशेठनी लावून दिली होती. धसई रस्त्याला त्यांची भातगिरणी होती. आजूबाजूच्या दहा गावांचं भात तिथं भरडायला यायचं. कुणाचं लग्न असो, कुणाचा दहावा असो, वाल्मिकशेठ हजर. पण उंबरवाडीत त्यांचं नाव निघालं की माणसं हात जोडायची, त्याचं कारण वेगळं होतं. सहा वर्षांपूर्वी, अठ्ठ्याण्णव साली, माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी कमळूची बायको प्रेमा चार वर्षांच्या पोरीला, भिमीला, कडेवर घेऊन धसईच्या बाजाराला निघाली होती. रस्त्यात ओढ्यावरच्या मोरीपाशी कुठल्याशा वाहनानं दोघींना उडवलं आणि ते पळून गेलं. वाल्मिकशेठ मागाहून त्या रस्त्यानं येत होते. त्यांनी रक्तानं माखलेल्या दोघींना स्वतःच्या गाडीत घातलं आणि मुरबाडला दवाखान्यात आणलं. पोर वाटेतच गेली. प्रेमा वाचली, उजवा पाय मात्र कायमचा आखूड झाला.

शेठनी दवाखान्यात दोन रात्री काढल्या होत्या. भिमीला माती देताना ते डोक्याला टॉवेल गुंडाळून वाडीवर उभे होते. पुढं त्यांनीच शेखरला सांगून कमळूला कामाला चिकटवलं. दर दिवाळीला गिरणीतून तांदळाचं पोतं उंबरवाडीला यायचं. प्रेमा त्या तांदळाचा दाणाही शिजवायची नाही. शेजारच्या रंगूला देऊन टाकायची, नाहीतर कोंबड्यांपुढं टाकायची. कमळूचा त्यावरून दर वर्षी संताप व्हायचा. "माणसाचा उपकार तरी ओळखावा गो," तो म्हणायचा. ती काहीच बोलायची नाही. त्या अपघातापासून ती तशीही फार बोलत नव्हती, आणि पुढं त्यांना मूलही झालं नाही.

दोन हजार चारच्या एप्रिलात, एका सकाळी शेठचा मुलगा ओमकार गाडी घेऊन शेडसमोर उभा राहिला. गडद निळी एस्टीम. कमळूला आश्चर्य वाटलं, कारण त्या गाडीला शेठ कुणाला हात लावू देत नसत. दर रविवारी गिरणीच्या मागच्या शेडमध्ये ते स्वतः मेणाचा डबा आणि फडकं घेऊन बसत. दुकान जवळ असून इतक्या वर्षांत गाडी इथं एकदाही आली नव्हती. हौस असते एकेकाची, असं कमळू समजून चालला होता.

"कमळूदादा, वैष्णवीचं लग्न आलंय शनिवारी," ओमकार म्हणाला. तो पुण्यात नोकरीला होता, सुट्टी काढून आला होता. "बाबा पत्रिका वाटायला नाशिककडे गेलेत, आज संध्याकाळी येतील. तोवर गाडी चमकवून ठेवू. मी पुण्याहून हे सीलंट आणलंय. एकदा लावलं की वर्षभर बघायला नको."

कमळूनं बाटली हातात घेऊन पाहिली. असलं औषध त्यानं दोन-तीनदा लावलं होतं. "हे लावायचं तर आधी जुनं मेण पुरं काढायला लागंल," तो म्हणाला. "मेणावर हे धरत नाय. आठ दिवसांत पापुद्रं निघतील."

"मग काढा की. पाचला येतो मी."

कमळूनं गाडी सावलीत घेतली. आधी साबणाच्या दाट पाण्यानं धुतली. पाणी मारलं तसं ते टपोऱ्या थेंबांनी बॉनेटवर उभं राहिलं, अळवाच्या पानावर राहतं तसं. वर्षानुवर्षांचं मेण होतं ते, थरावर थर. गाडी कोरडी करून त्यानं मेण काढायच्या औषधाची बाटली उघडली, जुन्या पांढऱ्या धोतराच्या घड्या केल्या आणि टपापासून सुरुवात केली. एकेक भाग घ्यायचा, औषध लावायचं, क्षणभर थांबायचं, पुसायचं, घडी उलटायची. फडक्यावर पिवळट तपकिरी चिकटा येत होता. टप झालं, डिकी झाली, उजवी बाजू झाली. काम मनासारखं चाललं होतं. पुसलेल्या भागावर पाणी टाकलं की आता थेंब धरत नव्हते, सगळं पाणी एका पडद्यासारखं खाली उतरत होतं. मेण पुरं निघाल्याची हीच खूण.

दुपारी बाराच्या सुमारास तो डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर आला. पहिलाच हात फिरवला आणि फडकं निळं झालं.

कमळू थांबला. कंपनीतून आलेल्या गाडीच्या रंगावर वरून एक पारदर्शक थर असतो. त्या थरामुळं रंग फडक्याला लागत नाही. बाकीच्या सगळ्या गाडीला लागला नव्हता. त्यानं नवी घडी घेतली, पुन्हा पुसलं. पुन्हा निळं. मेणाचा चकाकता थर गेल्यावर खालचा रंग उघडा पडत चालला होता. तो शेजारच्या दारापेक्षा एक छटा काळपट होता, आणि त्याच्यावर पॉलिश पेपरचे बारीक ओरखडे आडवे-तिडवे पसरले होते. कोणी शिकलेल्या माणसानं मारलेला रंग नव्हता हा. घरच्या घरी, घाईत, हातानं मारलेला होता. दिव्याच्या वरच्या कोपऱ्यापासून बॉनेटच्या कडेपर्यंत तो गेला होता.

त्यानं खिळ्याला टांगलेलं लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरचं होतं, ओरखडा पडू नये म्हणून कापडात शिवलेलं. दाराला ते टक्कन चिकटलं. मडगार्डवर ठेवलं तर घसरून त्याच्या हातात पडलं. आत पत्रा खोल दबलेला होता आणि वरून बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डा बुजवायचा लगदा, भरली होती.

शेठच्या गाडीला अपघात झाला होता, हे कमळूनं कधीच ऐकलं नव्हतं. गाडी कुठं घासली तरी चहाच्या टपरीवर चार दिवस बोलणं होतं. आणि मुरबाडात दोन-दोन गॅरेजं असताना शेठ स्वतःच्या हातानं, शेडमध्ये बसून लांबी का भरतील?

हेडलाइटच्या फटीत औषध उतरलं होतं. तिथं काहीतरी फुगून वर आलं. कमळूनं चिमट्यानं ओढलं. रंग मारताना दिव्याला लागू नये म्हणून वर्तमानपत्र चिकटवतात, तसल्या कागदाची ती बोटभर रुंद पट्टी होती. एका बाजूला निळ्या रंगाचे शिंतोडे होते. दुसऱ्या बाजूला पानाच्या डोक्यावरची तारीख शाबूत होती. कमळू चौथीपर्यंत शाळेत गेला होता, आकडे त्याला येत होते. चौदा फेब्रुवारी एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.

भिमीला माती दिली होती बारा तारखेला. दोन रात्री दवाखान्यात काढून शेठ घरी गेले होते ते चौदालाच. त्या दोन दिवसांत त्यांच्या गाडीकडं बघायचं भान कुणाला होतं?

तो ओल्या जमिनीवरच बसला. आणि मग त्याला जे आठवलं ते भिमी नव्हती, शेठही नव्हते. दवाखान्यातली प्रेमा आठवली. तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली होती. डोकं बांधलेलं, ओठ फुटलेले. त्यानं कान जवळ नेला तेव्हा ती म्हणाली होती, "निळी गाडी होती. शेठचीच होती."

तेव्हा आपण काय बोललो, तेही त्याला शब्दाशब्दानं आठवलं. "येडी झालीस काय? ज्यानं तुला उचलून आणली त्याच्यावर आळ घेतीस? परत हे तोंडातून काढशील तर याद राख." आणि दुपारी हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा प्रेमानं तोंड उघडायच्या आतच तो पुढं झाला होता. "तिच्या डोक्याला मार हाय साहेब. तिला काय आठवत नाय." टेम्पोनं उडवलं, असं शेठ म्हणाले होते. तसंच लिहिलं गेलं, आणि खाली कमळूनं सही केली होती.

त्यानं शेडचा पत्रा ओढून घेतला, शेखरची मोटरसायकल काढली आणि भर उन्हात उंबरवाडीचा रस्ता धरला.

प्रेमा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. अवेळी नवऱ्याला पाहून ती उठली.

"काय झाला?"

"चल माझ्यासंगं. मुरबाडला."

"कशाला?"

कमळू म्हणाला, "एक गाडी बघायची हाय तुला."

प्रेमानं त्याच्या निळ्या झालेल्या बोटांकडं पाहिलं. मग काही न विचारता तिनं फुलांवर टोपलं पालथं घातलं आणि लंगडत मोटरसायकलपाशी आली.

मोरी आली तेव्हा कमळूनं वेग कमी केला नाही. मागून तिनं त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतल्याचं मात्र त्याला जाणवलं.

शेडमध्ये गेल्यावर त्यानं पत्रा सारला. प्रेमा गाडीच्या पुढच्या बाजूला गेली. कुठं बघायचं हे त्यानं सांगितलं नव्हतं. ती डाव्या मडगार्डपाशी थांबली आणि तळहात त्याच्यावर ठेवला. कमळूनं कागदाची पट्टी तिच्यापुढं धरली, तारीख वाचून दाखवली, लोहचुंबक चिकटवून दाखवलं. आपण काय करतोय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. जणू पटवून द्यायचं होतं ते तिलाच.

"मला कशाला दाखवतोस?" ती म्हणाली. "मला ठावं नव्हतं काय?"

कमळूनं मान खाली घातली. "माझं चुकलं प्रेमा."

ती म्हणाली, "पाणी दे." पाणी पिऊन ती शेडच्या दाराशी टायरवर बसली. "आता शेठ येतील तवा मी इथंच बसणार. तू गाडीला काय लावू नको. अशीच राहू दे."

पाचला ओमकार आला. अर्धवट काम पाहून तो वैतागलाच. "हे काय दादा? आणि हा डाग कसला?"

कमळूनं त्याला सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवीही दिली नाही. ओमकारचं तोंड उतरत गेलं. त्यानं खाली वाकून मडगार्डवरून बोट फिरवलं. अठ्ठ्याण्णव साली तो पुण्यात शिकायला होता. घरी आला तेव्हा गाडी नेहमीसारखीच चकचकीत दिसली होती. "तसं नसेल," तो दोनदा म्हणाला. "खांबाला वगैरे लागली असेल." मग त्यानं मोबाइल काढला आणि बाजूला जाऊन वडिलांना फोन केला.

अर्ध्या तासानं वाल्मिकशेठ रिक्षातून उतरले. प्रवासानं दमलेले होते, खांद्याला पत्रिकांची पिशवी तशीच होती. दारातल्या प्रेमाकडं त्यांची नजर गेली आणि मग आत, उघड्या पडलेल्या मडगार्डकडं. ते जागच्या जागी थांबले.

"बाबा, खांबाला लागली होती ना?" ओमकारनं विचारलं.

शेठची नजर मडगार्डवरून हलली नाही.

"शेठ, खरं सांगा," कमळू म्हणाला. "मी तुमच्या पाया पडत आलो सहा वर्सं."

"मी पळालो नाही कमळू," शेठ म्हणाले. "तुला ठाऊक आहे. मी आणलं दोघींना. माझ्या हातांनी उचललं."

"पहिल्यांदा गेलात तुमी," प्रेमा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती टायरवरून उठली नव्हती.

"गाडी थांबली. तुमी काच खाली केलीत, माझ्याकडं बघितलंत, आन् गेलात. मग परत आलात. मधी किती वेळ गेला?"

"प्रेमा, मी घाबरलो होतो. काही सुचेना. बंधाऱ्यापर्यंत गेलो आणि गाडीत बसून राहिलो."

"किती वेळ?"

"मला राहवलं नाही म्हणून तर परत..."

"भिमी जिती होती. मोरीच्या दगडांवर पडली होती, माझा हात पोचत नव्हता. आये आये करत होती. मग नुसती कण्हत होती. मी मोजायला शिकले नाय शेठ. तुमच्या हाताला घड्याळ होतं."

शेठनी पिशवी खाली ठेवली. रिक्षावाला इंजिन बंद करून ऐकत उभा होता.

"पाऊण तास," ते म्हणाले.

ओमकार शेडच्या बाहेर गेला. भिंतीकडं तोंड करून तो उभा राहिला आणि वडिलांनी हाक मारली तरी वळला नाही. शेठ पुढं बोलत होते, त्या बोलण्याला धरबंध राहिला नव्हता. रोज झोप लागत नाही, दर रविवारी तो पत्रा पुसताना काय होतं ते मलाच माहीत, शनिवारी पोरीचं लग्न आहे, लग्न होऊ दे, मग म्हणाल तिथं येतो. त्यांनी हात जोडले. कमळूला वाटलं, आपला हात यांच्यावर उठेल. तो उठला नाही. इतकी वर्षं त्याच हातांनी नमस्कार केला होता, आणि शेठचा गळा धरला तर दवाखान्यातल्या त्या दुपारसाठी आपला गळा कोण धरणार, असं त्याला वाटून गेलं.

"उद्या पोलीस ठाण्यात चला," प्रेमा म्हणाली. "शनिवारच्या आदी."

शेठ दुसऱ्या दिवशी आले नाहीत. कमळू आणि प्रेमा दोघंच गेली. साहेबांनी कागदाची पट्टी उलटसुलट करून पाहिली, सगळं ऐकून घेतलं, जुना कागद काढायला लावला. मग त्यांनी सांगितलं की हयगयीनं गाडी चालवून मरण आलं, असल्या गुन्ह्याला कोर्टात न्यायची तीन वर्षांची मुदत असते, ती टळून गेली. शिवाय जुन्या जबाबात टेम्पो आहे. "जबाब तुमचाच आहे," ते कमळूला म्हणाले. "बाईंना काही आठवत नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय. सही बघा." त्यांनी कागद फिरवून पुढं केला. कमळूनं पाहिला नाही. प्रेमानं मात्र, वाचता येत नसतानाही, त्या कागदाकडं नीट पाहून घेतलं.

नवा अर्ज घेतला गेला, त्याच्यावर शिक्का पडला. वर्षभर कमळू चकरा मारत राहिला. त्यातून काही निघालं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. रिक्षावाल्यानं ऐकलेलं तोवर सगळीकडं झालं होतं. जेवायला निम्मी माणसं आली नाहीत, असं म्हणतात. वैष्णवी सासरहून पुन्हा फारशी माहेरी दिसली नाही. ओमकारनं एकदा उंबरवाडीला येऊन प्रेमाच्या पायावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "तू कशाला?" आणि त्याला पाणी दिलं. शेठ गिरणीवर बसत राहिले, पण डोंगरवाड्यांची माणसं भात भरडायला पार सरळगावपर्यंत जाऊ लागली. दोन वर्षांनी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. उंबरवाडीत ते कळलं तेव्हा वाडीतला म्हातारा लखमा म्हणाला, देवानं केलं. प्रेमा म्हणाली, "देवाला काय करायचं होतं तर मोरीवर करायचं."

कमळूनं मुरबाडचं काम सोडलं. शहापूरला, हायवेवरच्या एका मोठ्या सर्व्हिसिंग सेंटरात त्याला काम मिळालं. आठवड्यातून एकदा तो घरी यायचा. पहिले कित्येक महिने प्रेमा त्याच्याशी कामापुरतंच बोलली. भाकर वाढायची, पाणी भरून ठेवायची, आणि पाठ करून चुलीशी बसायची. त्यानंही क्षमा परत मागितली नाही. मागायची म्हणजे तिनं द्यायची, आणि ते ओझंही तिच्यावरच, एवढं त्याला कळत होतं.

गाडीचा रंग उघडा पडला त्याच वर्षी, भात झोडून झाल्यावर, एका दुपारी दोघं खळ्यावर पेंढ्याला टेकून बसली होती. कमळू हळूच म्हणाला, "त्या दिवशी काय काय झालं ते सांगशील? सगळं. घरातनं निघालीस तवापासून."

प्रेमा बराच वेळ पेंढ्याची काडी मोडत राहिली. त्याला वाटलं, ती उठून जाईल.

"निघताना भिमी रुसली होती," ती म्हणाली. "तिला चालत यायचं होतं. म्या म्हटलं, ऊन व्हायच्या आत पोचू, म्हणून कडेवर घेतली..."

ती सांगत गेली. मधे कुठं थांबली तरी कमळू बोलला नाही. गाडी मागून आली तिथपर्यंत ती पोचली तेव्हा त्याला कानांवर हात ठेवावेसे वाटले. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ऐकत बसला. उन्हं डोंगराआड गेली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.